मुलांची शाळा: मनपा, अनुदानित की खासगी? पुणेकर पालकांनो, अनुभव लिहा

दिवाळी झाली की पुण्यात सोसायटीच्या बाकावर, हळदीकुंकवाला एकच प्रश्न सुरू होतो, "कुठे घालणार?" उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा बदलताना ज्यांनी पाहिलाय, त्यांनी इथे मोकळेपणाने लिहावं. शाळा कशी निवडलीत, घरच्यांना काय सांगितलंत? शाळांची नावं नकोत, भाग सांगा.

सुरुवात मीच करते. आम्ही कोथरूडला राहतो, दोघंही नोकरी करतो आणि मुलगी मनपाच्या मराठी शाळेत दुसरीत आहे. प्रवेशाआधी मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन मी पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. बाई मुलांकडून काड्यांचे दशक बांधून घेत होत्या. एकाच्या गठ्ठ्यात अकरा काड्या निघाल्या. बाई चुकलं म्हणाल्या नाहीत. "हिचं काय करायचं रे?" एवढंच विचारलं. तो थोडा वेळ काडीकडे बघत राहिला, मग ती बाजूला ठेवून म्हणाला, "सुटी." मला बघायचं होतं ते तिथे दिसलं.

सासूबाईंना मराठी माध्यम चाललं, खिचडी चालली नाही. "आपली पोर सरकारी खिचडी खाणार? लोक काय म्हणतील?" शालेय पोषण आहार पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांसाठी असतो आणि ती मैत्रिणींच्या पंगतीत बसून आवडीने जेवते, हे मी त्यांना शांतपणे पण दर वेळी सांगते. "पैसे नाहीत का?" असं विचारणाऱ्यांना मात्र मी उत्तर देत नाही.

हडपसरहून एक बाबा: माझी रिक्षा आहे. मुलगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून खासगी इंग्रजी शाळेत लागला. आम्हाला बोलणी उलट बाजूने बसतात. व्हॅनच्या रांगेत एक बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात "फुकटवाले" म्हणाल्या. फुकट नाही ताई, 2009 च्या कायद्याने दिलेली जागा आहे आणि तिचे पैसे सरकारने शाळेला द्यायचे असतात. 2024 मध्ये सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. तेव्हा आमच्या वस्तीतल्या पालकांची झोप उडाली. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. घोर आहे तो नववीचा, कारण ही सवलत आठवीपर्यंतच. मुलाला सगळं माहीत आहे. त्याला लपवायला शिकवायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलंय.

सिंहगड रोडवरून: आम्ही दोघंही चळवळीतले. मुलगा खासगी शाळेत गेला तेव्हा जवळच्याच मित्रांनी "तुम्हीसुद्धा?" म्हणून ऐकवलं. मुलाला कमी ऐकू येतं, कानाला यंत्र आहे. आजूबाजूच्या शाळा पालथ्या घातल्या. लहान वर्ग आणि रोज हजर असणाऱ्या विशेष शिक्षिका या एकाच ठिकाणी मिळाल्या. सार्वजनिक शाळेबद्दलचं आमचं मत तेच आहे. पण ते सिद्ध करायला मुलाला वर्गात न ऐकू येणारा मुलगा म्हणून बसवणार नाही.

शनिवार पेठ: अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी. आजोबांपासून सगळे तिथलेच, त्यामुळे कुणी नाव ठेवलं नाही. वर्गात मुलं फार, हीच काय ती तक्रार.

मनपा शाळेतली शिक्षिका, येरवडा: माझा मुलगाही मनपा शाळेत शिकतो. "तुमचं स्वतःचं मूल कुठे?" हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्तच आहे. पालकांना विनंती, शाळा व्यवस्थापन समितीत या. कायद्याने तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असतात. आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. आम्ही शिक्षकांनी केलेले अर्ज पडून होते. समितीतल्या आया वॉर्ड ऑफिसात जाऊन बसल्या, तेव्हा नळ आला.

कोथरूडच्या ताई, एक विचारते. तुमची शाळा कितवीपर्यंत आहे? मनपाच्या बऱ्याच शाळा सातवीला संपतात आणि आठवीसाठी ऐन वेळी धावपळ होते. जवळच्या माध्यमिक शाळेची चौकशी आत्ताच करून ठेवा.