पियानोवादक ओटिस स्पॅनला विसरून कसं चालेल?

शिकागो ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज संगीताची शिकागोत घडलेली शैली) म्हणजे गिटार आणि माउथ ऑर्गन, पियानो नुसता भरीला, असं कुणी म्हणतं ते मला अजिबात पटत नाही. गायक मडी वॉटर्सचं १९५४ चं 'हूची कूची मॅन' हेडफोन लावून ऐका. सगळी वाद्यं ठोका देऊन थांबतात, आणि ध्रुवपद आलं की मागून पियानो वाहू लागतो. तो ओटिस स्पॅन. गायकाला जागा सोडायची आणि नेमक्या क्षणी ती भरायची, साथीतलं हे शहाणपण त्याच्याइतकं फार थोड्यांकडे होतं.

मिसिसिपीतून शिकागोला आलेला हा माणूस चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत हाउलिन वुल्फ, बो डिडली अशा अनेक गायकांच्या मागे वाजवत राहिला. डाव्या हाताचा तो जडशीळ ठेका पियानोवादक बिग मेसिओकडून आलेला.

१९६० च्या अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात दंगल झाली, पुढचे कार्यक्रम रद्द झाले. कवी लँगस्टन ह्यूजनं तिथल्या तिथे निरोपाच्या ओळी लिहून दिल्या आणि त्या गायल्या स्पॅननं! आवाजही काय होता त्याचा, जरासा घोगरा, थकलेला. त्याच वर्षी त्यानं स्वतःच्या नावाची रेकॉर्ड केली, सोबत रॉबर्ट लॉकवुड ज्युनियरची गिटार. १९६९ मध्ये फ्लीटवूड मॅक या ब्रिटिश बँडच्या पोरांबरोबरही वाजवलं. १९७० मध्ये यकृताच्या कर्करोगानं गेला, आणि कबरीवर नावाचा दगड बसायला १९९९ उजाडलं. याचा मला आजही राग येतो.

सुरुवात १९६० च्या त्या रेकॉर्डपासून करा. ड्रम नाहीत, बास नाही, त्यामुळे दोन्ही हातांचं काम स्वच्छ ऐकू येतं.