गीता २.१६ : सगळ्या दर्शनांचा तक्ता मांडून वाचावी, की आधी श्लोकच वाचावा?

हरिपूरकर (सांगली)
सांगलीतल्या एका गीता-वाचन मंडळापुढे प्रस्ताव आहे, त्यावर जाणकारांची मते हवीत. दुसरा अध्याय एकाच टीकेचे बोट धरून वाचायचा नाही. ड्रॉइंगचा मोठा कागद घ्यायचा, त्यावर सात रकाने आखायचे : सांख्य, न्याय-वैशेषिक, मीमांसा, अद्वैत, विशिष्टाद्वैत, द्वैत, जैन. एका बैठकीत एकच श्लोक, वेळ दीड तास. मी या प्रस्तावाच्या बाजूने आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरी घरोघरी आहे, ती असावीच. पण तिच्या गोडीमुळे गीतेचा अर्थ एकाच बाजूला कललेला मनात बसतो, आणि दुसरा अर्थ ऐकला की तो ओढूनताणून आणलेला वाटतो.

नमुन्यादाखल २.१६ :

नासतो विद्यते भावो नाभावो विद्यते सतः ।
उभयोरपि दृष्टोऽन्तस्त्वनयोस्तत्त्वदर्शिभिः ॥

प्रचलित अर्थ : असताला भाव (अस्तित्व) नाही, सताला अभाव नाही; या दोहोंचा अन्त तत्त्वदर्शींनी पाहिला आहे.

शंकराचार्यांच्या मते (अद्वैत) असत् म्हणजे शीत-उष्ण वगैरे विकार आणि त्यांची कारणे. तपासायला गेले तर घट मातीवेगळा हाती लागत नाही, म्हणून तो असत्. रामानुजांच्या मते (विशिष्टाद्वैत) असत् म्हणजे देह; तो नाशवंत आहे, पण मिथ्या नाही. मध्वाचार्य (द्वैत) 'विद्यतेऽभावः' असे पद तोडतात. मग असत् म्हणजे अव्यक्त प्रकृती आणि सत् म्हणजे ब्रह्म, दोहोंचाही अभाव नाही. सांख्याच्या रकान्यात सत्कार्यवाद येईल : ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली कारिका ९, कार्य कारणात आधीपासून असते हे दाखवणारे पाच हेतू. जैन रकान्यात कुंदकुंदाचार्यांच्या पंचास्तिकायातली १५वी गाथा : "भावस्स णत्थि णासो णत्थि अभावस्स चेव उप्पादो" (भावाचा नाश नाही, अभावाची उत्पत्ती नाही). शब्दांची ठेवण जवळजवळ गीतेचीच आहे, आणि गाथेचा उत्तरार्ध सांगतो की उत्पत्ती आणि नाश होतात ते गुण-पर्यायांत (पर्याय म्हणजे बदलती अवस्था). हे सारे एका कागदावर शेजारी-शेजारी आले की श्लोकात किती माणसे बोलताहेत ते दिसते.

मेणवली (वाई)
तुमची कळकळ पोचली, पण तक्त्याची आखणीच चुकली आहे. तुम्ही दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका रांगेत बसवल्या. शंकर, रामानुज, मध्व यांनी या श्लोकावर प्रत्यक्ष भाष्य लिहिले आहे. ईश्वरकृष्णाने गीतेवर एक अक्षर लिहिलेले नाही, कुंदकुंदांनीही नाही. त्या दोन रकान्यांत जे भरता ते तुमचे अनुमान. त्यांचा अर्थ नव्हे. वाचणाऱ्याला हा फरक कागदावर दिसणार नाही आणि महिन्याभरात लोक "सांख्यमते २.१६चा अर्थ असा" म्हणू लागतील. असा अर्थ कुणीच सांगितलेला नसतो.

आणखी एक. खुद्द रामानुजांनी या श्लोकाच्या भाष्यात सत्कार्यवादाचा इथे संबंध नाही, श्लोक त्यासाठी नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे तुमच्या पाचव्या रकान्याने पहिला रकाना बाद केलेला आहे. तक्ता हे भांडण दाखवत नाही. तो सगळ्यांना शेजारी-शेजारी शांत बसवतो.

माझा क्रम असा. पहिला अर्धा तास एकही भाष्य उघडायचे नाही. आधी पदच्छेद, मग अन्वय, मग मागचे-पुढचे श्लोक. २.१४मध्ये मात्रास्पर्श (इंद्रियांचे विषयांशी होणारे स्पर्श), येणारे-जाणारे, सोसण्याचे. २.१७मध्ये "अविनाशि तु तद्विद्धि". २.१८मध्ये "अन्तवन्त इमे देहा". म्हणजे प्रकरण चालले आहे नाशवंत देह आणि अविनाशी देही यांचे. अव्यक्त प्रकृतीचा इथे विषयच नाही. ज्ञानेश्वरांनीही इथे राजहंसाचे दूध-पाणी घेतले, ते निवडण्यासाठी. सृष्टीची उपपत्ती लावण्यासाठी नव्हे. एवढे पक्के झाले की मग भाष्ये उघडा, हवी तितकी.

कऱ्हाडकर
मेणवली, रकान्यांबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. 'प्रकरण आधी' हे मात्र वाटते तितके निष्पक्ष नाही. प्रकरण सुरू कुठे होते हे ठरवायचे कोणी?

ग्रंथाचे तात्पर्य ठरवायची सहा लिंगे (खुणा) सगळ्यांना पाठ आहेत : उपक्रम-उपसंहार (आरंभ आणि शेवट), अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. आता उपक्रमच बघा. शंकराचार्य १.२ ते २.९ हा भाग शोक-मोहाचे कारण दाखवणारा म्हणून बाजूला ठेवतात आणि खरे भाष्य २.११ला, "अशोच्यान्"पासून धरतात. शेवटी १८.६६चे "मा शुचः" (शोक करू नकोस) आहेच. शोकापासून शोकनिवृत्तीपर्यंत ग्रंथ झाला, आणि शोक जातो तो ज्ञानाने. टिळक हीच सहा लिंगे गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात सांगतात. पण त्यांचा उपक्रम अर्जुनाच्या "न योत्स्ये"चा आणि उपसंहार "करिष्ये वचनं तव"चा, १८.७३. लढणार नाही म्हणणारा लढायला उठतो. ग्रंथ कर्मयोगाचा झाला. मंडालेत १९१०-११मध्ये लिहिलेला आणि १९१५ला छापलेला तो ग्रंथ आणि आचार्यांचे भाष्य, दोघांच्या हातात हत्यार तेच. उपक्रमाची खूण कुठे रोवायची याचा निर्णय आधीच झालेला होता.

म्हणून तुमचा 'भाष्याशिवायचा अर्धा तास' रिकाम्या मनाने जाणार नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यातले भाष्य तेव्हाही चालूच असते, फक्त त्याचे नाव कुणी घेत नाही. तक्त्याचा फायदा तिथे आहे. नाव लिहावे लागते.

मेणवली
उपक्रमाबद्दल बोललात ते संपूर्ण ग्रंथाला लागू. एका श्लोकाला नाही. २.१७ आणि २.१८ हे दोन्ही आचार्यांसमोर आहेत, टिळकांसमोरही आहेत. तिथे खूण कुणी हलवू शकत नाही.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतले ३.३.१४ घ्या, अर्थ ठरवायच्या प्रमाणांची उतरंड : श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या, यांत पुढचे मागच्यापेक्षा दुर्बल. हा नियम मुळात यज्ञातल्या अंगांच्या विनियोगाचा (कोणते अंग कुठे लावायचे याचा) आहे, तो इथे जसाच्या तसा लावता येत नाही हे मान्य. पण शिस्त घेण्यासारखी आहे. जवळचा पुरावा मोकळा असताना लांबचा आणायचा नाही. 'समाख्या', म्हणजे नुसत्या नावावरून जोडलेला संबंध, सगळ्यांत शेवटी येते, आणि तुमच्या सांख्य रकान्याची सारी भिस्त भाव-अभाव या शब्दांच्या सारखेपणावर आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा मीमांसाकोश सात खंडांत आहे. केवलानंद सरस्वतींनी हे सगळे त्यात लावून दिले आहे. ज्याला दर्शनांचा तक्ता करायचा आहे त्याने आधी त्यातला बलाबलाचा (कोणते प्रमाण बलवान, कोणते दुर्बल याचा) भाग वाचावा.

हरिपूरकर
'अनुमित' रकान्यांचा आक्षेप रास्त आहे. ते पेन्सिलीने भरायचे, भाष्य असलेले शाईने. पण मध्वांचा अर्थ 'प्रकरणात नाही' म्हणून मोडीत काढता त्याला माझा विरोध आहे. 'विद्यते भावो' आणि 'विद्यतेऽभावो' यांचा उच्चार एकच. अवग्रहाची खूण (ऽ) लिहिणाऱ्याने घालायची, कानाला तिचा पत्ता लागत नाही. म्हणजे पाठ ठरायच्या आधीच दोन वाटा आहेत, आणि हा प्रश्न तुमच्याच उतरंडीत वाक्याच्या पायरीवर येतो, प्रकरणाच्या वर. शिवाय तिसरा चरण वाचा : "उभयोरपि". दोहोंचा निर्णय एकच, दोघांचाही अभाव नाही, असे मध्वांच्या अर्थात सरळ बसते. तुमच्या अर्थात दोघांचे निर्णय वेगवेगळे, एकाला भाव नाही आणि दुसऱ्याला अभाव नाही.

तक्ता सगळ्यांना शांत बसवतो म्हणालात, त्यावर सांगली भागात जैनांचा उपाय जुना आहे : नय, म्हणजे वस्तूकडे एकेका बाजूने पाहण्याची दृष्टी. संग्रहनय सामान्य तेवढे पाहतो, ऋजुसूत्र वर्तमान क्षणाचा पर्याय. मल्लिषेणाच्या स्याद्वादमंजरीत दर्शने अशी नयांवर बसवलीच आहेत : नैगमावर न्याय-वैशेषिक, संग्रहावर अद्वैत आणि सांख्य, व्यवहारावर चार्वाक, ऋजुसूत्रावर बौद्ध. नय आपल्यापुरते बोलतो तोवर तो नय. दुसऱ्याला नाकारू लागला की दुर्नय. रामानुज सत्कार्यवाद नाकारतात ते कागदावर असेच नोंदता येते : नाकारले कशाच्या संदर्भात, तर या श्लोकापुरते.

मेणवली
"विद्यते"नंतर वाट फुटते हे खरे, आणि म्हणूनच निकाल प्रकरणाकडे जातो. वाक्य दोन्हींना सारखेच मोकळे असेल तर वाक्याने काही ठरले नाही, खालच्या पायरीला विचारावे लागते. "उभयोरपि"चेही तसेच. 'अन्तः' म्हणजे निर्णय. दोघांचा निर्णय पाहिला म्हटल्याने तो एकच असला पाहिजे असे होत नाही.

नयाचे मात्र मला पटत नाही, आणि इथेच मूळ भांडण आहे. ज्या चौकटीत सगळी दर्शने बसवता ती चौकटही एक दर्शनच आहे. अद्वैताला 'संग्रहनय' म्हटले की अद्वैत हरले, कारण त्याचा दावा 'एका बाजूने पाहता' असा नाहीच. ब्रह्मसूत्र २.२.३३, "नैकस्मिन्नसम्भवात्", यावर शंकर आणि रामानुज दोघेही जैनांच्या स्याद्वादाला विरोध करतात. तुमच्या तक्त्यातले दोन रकाने ती आखणीच अमान्य करतात आणि तुम्ही त्यांना तिच्यातच कोंबता.

हरिपूरकर
२.२.३३चा आक्षेप 'एकाच वस्तूत, एकाच अपेक्षेने' विरुद्ध धर्म संभवत नाहीत असा धरला तर तो स्याद्वादाला लागतच नाही. 'स्यात्' म्हणजे अपेक्षाभेदाने. द्रव्याच्या दृष्टीने नित्य, पर्यायाच्या दृष्टीने अनित्य. दोन अपेक्षा वेगळ्या.

चौकट कुणाची हा प्रश्न खरा, पण तो माझ्या एकट्याच्या तक्त्यापुरता नाही. माधवाचार्यांचा (हे मध्वाचार्य नव्हेत) सर्वदर्शनसंग्रह चार्वाकापासून सुरू होऊन सोळाव्या प्रकरणात शांकर मतावर संपतो. तो क्रम म्हणजेच निकाल. हरिभद्रसूरींच्या षड्दर्शनसमुच्चयात बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक, जैमिनीय अशी सहा आहेत. त्यात वेदान्ताला वेगळा रकानाच नाही. प्रत्येक यादी कुणीतरी कुठूनतरी केलेली असते. भाष्य न उघडण्याचा अर्धा तासही तसाच एका बाजूचा आहे, कऱ्हाडकर म्हणतात ते मला पूर्ण पटते.

माहुलीकर (सातारा)
तत्त्वाचे तुम्ही बघा, कागदाचे मी सांगतो. रकान्यांचा क्रम दर बैठकीला फिरवा, नाहीतर शेवटचा रकाना 'सिद्धान्त' वाटू लागतो. प्रत्येक रकान्याखाली एक ओळ मोकळी ठेवा : "हा अर्थ घेतल्यास कोणता शेजारचा श्लोक अडतो?" २.१६ला मध्वांखाली २.१८ लिहावा लागेल, शंकरांखाली २.१४चे "तितिक्षस्व", म्हणजे 'सोस' (मिथ्या असेल तर सोसायचे काय?). हीच ओळ सगळ्यांत उपयोगी पडते आणि लोक तीच गाळतात.

तेराव्या अध्यायात पोथ्यांची गल्लत होते. काही प्रतींत "प्रकृतिं पुरुषं चैव" हा अर्जुनाचा प्रश्न पहिला श्लोक म्हणून आहे, काहींत नाही. क्रमांक एकाने सरकतात आणि रकान्यांत भलत्याच श्लोकावरची भाष्ये येऊन बसतात. तिथे आकड्याऐवजी श्लोकाचे पहिले पद लिहा.

मेणवली
'अडणारा श्लोक' ही ओळ मला मान्य, मनापासून. तेवढ्यासाठी तक्ताही सहन करीन. पण शाईचे रकाने अर्ध्या तासानंतरच उघडायचे, यावर मी ठाम आहे.

हरिपूरकर, पुढच्या बैठकीला तेराव्या अध्यायातले "क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि" (क्षेत्रज्ञही मीच असे जाण) घ्या. शंकर तिथे जीव-ईश्वराचे ऐक्य सांगतात आणि खूप मोठा वाद मांडतात, रामानुज जीवाला ईश्वराचे शरीर धरून तेच पद लावतात. "मां" म्हणणारा बोलणारा स्वतः समोर उभा असताना तो कोणत्या नयाने बोलतो आहे, ते त्या कागदावर लिहून दाखवा.