उशीर उपग्रहामुळे होत नाही

शेजारच्यांच्या टीव्हीवर विकेट आधी पडते आणि मोबाइलवर नंतर, याचा दोष उपग्रहाला दिला जातो. ते पटत नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमीवर असतो. सिग्नलला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. आणि शेजाऱ्यांच्या डिशलाही हा उशीर चुकत नाहीच!

खरा वेळ स्ट्रीमिंगच्या पद्धतीत जातो. एचएलएस या ॲपलच्या स्ट्रीमिंग पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पुढे जात नाही, आणि प्लेअर सहसा तीनेक तुकडे हाताशी ठेवून मगच चित्र दाखवतो. ॲपलची मूळ शिफारस १० सेकंदांच्या तुकड्याची होती, म्हणजे अर्धं मिनिट तिथेच गेलं. पुढे ती ६ सेकंदांवर आली. २०१९मध्ये त्यांनी तुकड्याचेही बारीक भाग पाठवणारी लो-लेटन्सी (कमी उशिराची) पद्धत आणली, पण बफर, म्हणजे हाताशी ठेवलेला साठा, लहान केला की नेटवर्क जरा डळमळताच चित्र अडकतं.

२०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. डिशचा एकच सिग्नल सगळ्यांना पुरतो, इथे प्रत्येकाला डेटा वेगळा पोचवावा लागतो. एवढ्या गर्दीत थोडा उशीर पत्करून चित्र अखंड ठेवणं मला योग्यच वाटतं. स्कोअरची नोटिफिकेशन्स मात्र सामना संपेपर्यंत बंद ठेवा.