मदत हवी आहे: आत्तींच्या पाठीचा बाक, धाप आणि बायपॅपचा मास्क

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितेय, जरा मोठं होईल पण वाचा प्लीज. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो, वय ७६. पाच-सहा वर्षांत पाठीला बाक येत गेला तो वयाचाच धरला आम्ही. मला पहिल्यांदा खटकलं ते साडीवरून, नेसणं तेच पण निऱ्या पुढून लोळायला लागल्या, पायात यायच्या, आणि वरच्या फळीवरची कांदालसूण चटणीची बरणी त्यांच्या हाताला येईना. एक्सरेत तीन मणके चेपलेले निघाले. कधी पडल्या नाहीत हो! डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजतात त्या तपासणीचा, टी स्कोर उणे ३.४ आला, म्हणजे हाडं फारच ठिसूळ, हाडांचं वर्षाचं इंजेक्शन झालंय.

धाप मात्र वेगळीच समजलो, दमा म्हणून सहा महिने पंप ओढला, काडीचा फरक नाही. मग छातीच्या डॉक्टरांनी पीएफटी केली, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात ती तपासणी, म्हणाले नळ्या ठीक आहेत, पिंजराच वाकलाय, खालच्या फासळ्या कमरेच्या हाडाला टेकायला आल्यात, फुप्फुसाला फुगायला जागाच नाही. म्हणून तर दोन घास जास्त झाले तरी श्वास अडतो त्यांचा. आणि एक सांगते, फुप्फुसाची क्षमता किती हवी ते उंचीवरून ठरवतात, पहिल्या पीएफटीत आत्ताची कमी झालेली उंची धरली होती तर हवी त्याच्या ६३ टक्के आलं, डॉक्टरांनी दोन्ही हात पसरून माप घेतलं, त्यावरून मूळची उंची धरली आणि तेच ५३ वर आलं. तुमच्याकडं कुणाला बाक असेल तर हे नक्की विचारा.

दिवसा ऑक्सिमीटर ९४ दाखवायचं म्हणून आम्ही निवांत होतो, पण सकाळी डोकं जड, आणि भाजी निवडता निवडता डुलक्या. मनगटातून रक्त काढून तपासलं तर कार्बन डायऑक्साइड वाढलेला, रात्री श्वास उथळ पडतो म्हणून साठतो म्हणे. आता रात्री बायपॅप सांगितलंय, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन. शेजारच्या काकू कोरोनातलं ऑक्सिजन मशीन देतो म्हणाल्या पण डॉक्टरांनी स्पष्ट नको सांगितलं, नुसता ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो.

अडचण अशी की मास्क अर्ध्या तासात काढून टाकतात, जीव घुसमटतो म्हणतात, रात्री कवळी काढली की गाल आत जातात आणि कडेनं हवा सुटते, ती डोळ्यांत जाते. काल रात्री माझा हात धरून म्हणाल्या, पोरी राहू दे गं आता. मला झोप लागली नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का, सवय कशी लावलीत, दिवसा थोडा थोडा वेळ लावून उपयोग झाला का? कवळी नसताना कुठला मास्क नीट बसतो, नाकाचा का तोंडासकट? मशीन आधी भाड्यानं घ्यावं का? आणि पाठीचा पट्टा बांधला की पोट आवळून धाप जास्त लागते, तो किती वेळ ठेवायचा हे तुम्हाला फिजिओनी काय सांगितलं? पुढच्या मंगळवारी डॉक्टरांकडं जायचंय, त्याआधी कुणी लिहिलं तर बरं होईल.