माळवद आणि गच्ची एकच का?

आजोळ सोलापुरात, दक्षिण कसब्यात. घराचे जुने कागद चाळताना 'माळवदी घर' असं लिहिलेलं दिसलं. लेकीनं अर्थ विचारला, मी 'गच्ची' म्हणून सांगितलं. मामी लगेच म्हणाल्या, 'गच्ची नव्हे गं, माळवद!' फरक काय तो त्यांना सांगता येईना. कुणी सांगेल का?

—

ताई, मामींचं बरोबर आहे. दोन्ही सपाट, दोन्हींवर पापड वाळतात, पण माल वेगळा. गच्चीत 'गच' आहे, म्हणजे चुना. चुनेगच्ची म्हणतो ना, तोच. माळवद मातीचं. भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडं, कड्यांवर फळकुटं नाहीतर काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर.

ही पांढरी माती म्हणजे नुसता रंग नव्हे. आपल्याकडे शेताची जमीन ती 'काळी' आणि गाव वसलेली जागा ती 'पांढरी'. जुन्या कागदांत अख्ख्या गावालाच 'पांढरी' म्हटलेलं सापडतं. तीच माती खणून डोक्यावर घ्यायची, कारण ती पाणी लवकर आत घेत नाही. काळी माती टाकून बघा, उन्हाळ्यात भेगाळेल आणि पहिल्याच पावसात घरात धार लागेल. सोलापुरात ऊन फार, पाऊस कमी, म्हणून हे छप्पर इथं टिकलं. कोकणात त्याचा एका पावसात चिखल होईल. तरी मिरगाच्या आधी नवी माती टाकून चोपायला लागायचीच. वरचं पाणी पन्हाळीतून गल्लीत पडायचं.

खानदेशात यालाच धाबं म्हणतात. 'धाबे दणाणले' म्हणतो ते हेच धाबं, डोक्यावरचं छप्परच हादरलं असा भाव. हायवेवरचा ढाबा इथं आणू नये.

एक विनंती: विकताना वा पाडताना कागदावर 'जुनी गच्ची' लिहू देऊ नका. 'माळवद' म्हटलं की माती, लाकूड, पाऊसमान सगळं त्या एका शब्दात येतं.

—

मी पाच्छा पेठेतला. आमच्या घरी तेलुगू, त्यामुळे लहानपणी 'मिद्दे' म्हणायचो. पुढच्या खोलीत माग, त्याखाली विणकराच्या पायांसाठी खड्डा, आणि डोक्यावर मिद्दे. शेजारचे कन्नड लोक 'माळगी' म्हणत. पतंग अडकला की तिन्ही भाषांत हाका. आजही सोलापुरातल्या एका भागाला बाळीवेस म्हणताना वेस कुठं आहे ते कुणी विचारत नाही, तसंच माळवद जाऊन स्लॅब आला तरी आई 'माळवदावर जा' म्हणते. शब्द टिकला याचा मला आनंदच आहे, पण मूळ वस्तू काय होती ते पोरांना दाखवायला हवं.

मामींना एक विचारा: त्यांच्या माळवदाला साणं होतं का? साणं म्हणजे उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला माळवदात ठेवलेलं भोक.

—

दादा, विचारायची गरजच नाही. स्वयंपाकघरात दुपारी उजेडाचा एक गोल चुलीपासून सरकत सरकत रांजणापर्यंत यायचा. आभाळ भरून आलं की आजी ओरडायची, 'साणं झाका रे!', मग मामा वर पळायचा आणि त्यावर पालथं घमेलं ठेवायचा. इतकी वर्षं मी ते 'सामान झाका' असंच ऐकत आले.