अनुभव धागा: संगमाजवळचा बोट क्लब, कयाक आणि रेगाटा

घाटपायरी
नदीकाठाचे फोटो पुन्हा फिरताहेत. त्यात पुण्याचा मुळा-मुठा संगम दिसला आणि सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा, बोट क्लब आठवला. १८५४ पासूनचं कॉलेज, १९२८ पासूनची रेगाटा, म्हणजे नदीवरचा नावांचा सोहळा. कयाक बॅले, पंट (सपाट बुडाची नाव) आणि ॲरो फॉर्मेशन, शेवटी मशाली. एवढी वर्षं चाललेल्या गोष्टीतलं हातचं ज्ञान कुठेच लिहून ठेवलेलं नाही, म्हणून हा धागा. ज्याला जे नीट येतं ते लिहा, नव्या मुलांच्या उपयोगी पडेल.

सुरुवात पाण्यापासून करतो. आपल्याकडे वल्हवता येतं ते बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेला तो बंधारा. त्याचा फुगवटा मागे येतो म्हणून पाणी टिकतं, नाहीतर पावसाळा सरल्यावर दगडच दिसले असते. खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असेल तर मात्र नाव उतरवायचीच नाही.

डावंवल्हं
आधी एक घोळ मिटवू. कयाकमध्ये पाय पुढे करून बसायचं, पॅडलला दोन पाती. कॅनूत एकच पातं. स्प्रिंटच्या कॅनूत एका गुडघ्यावर बसतात, आणि वल्हं एकाच बाजूला असल्यामुळे प्रत्येक स्ट्रोकच्या शेवटी पातं वळवून नाव सरळ ठेवावी लागते. स्पर्धेच्या के-१ ची (एकट्याची कयाक) लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर, वजन कमीत कमी १२ किलो. के-२ (दोघांची) म्हणजे ६.५० मीटर आणि १८ किलो. बॅलेच्या नावा याहून आखूड आणि रुंद बऱ्या, पटकन वळतात.

मीनल_कोथरूड
म्हणजे बोट क्लब रोड याच्याच नावावरून का?

घाटपायरी
नाही ताई, तो रॉयल कॅनॉट बोट क्लबमुळे. इंग्रजांच्या काळातला, नदीच्या खालच्या अंगाला.

रेझिनवाला
फुटलेली फायबरची कयाक. सगळे बाहेरून थापतात आणि आठवड्यात पॅच सुटतो. पॅच आतून लावा. भोकाभोवती चारी बाजूंनी ५ सेंमी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. ॲसिटोनने पुसा. ३०० किंवा ४५० ग्रॅमच्या फायबरग्लास मॅटचे दोन-तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. १०० ग्रॅम पॉलिएस्टर रेझिनला १ ते २ मिली हार्डनर, एप्रिलच्या उन्हात १ पुरे. जास्त घातलं तर भांड्यातच उकळतं आणि पॅच ठिसूळ होतो. ब्रश टेकवत टेकवत हवा काढा. रंगवल्यासारखा ओढलात तर मॅट सरकते.

महत्त्वाचं: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. पावसाळी दमट हवेत हे काम काढूच नका.

सुनंदा_जोशी
रेझिनवाले दादा, गच्चीवरची टाकी गळतेय, तिलाही हेच चालेल का? 🙏

रेझिनवाला
पिण्याच्या पाण्याला हे नको ताई. वेगळं रेझिन लागतं.

उलटीनाव
उलटल्यावर काय करायचं ते कुणी लिहिलंच नाही. पुढे वाका, स्कर्टची (कमरेभोवतीचं, बसायची जागा झाकणारं कापड) दोरी समोर ओढा, हात कमरेजवळ काठावर टेकून नाव पायातल्या पँटसारखी खाली ढकला. मागे रेललात तर मांड्या कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) काठात अडकतात. बाहेर आल्यावर नाव सोडायची नाही. दुसरी कयाक काटकोनात आली की उलट्या नावेचं नाक तिच्यावर ओढून घ्यायचं, पाणी ओतायचं, सरळ करायची. स्कर्टची दोरी आत राहिली नाही ना, हे निघण्यापूर्वी जोडीदाराने बघायचं. हे एक काम कधीही चुकवू नका.

डावंवल्हं
+१ उलटीनाव. बॅलेसाठी भर: जागच्या जागी फिरायचं तर एका बाजूला पुढचा स्वीप (लांब कमानीचा फटका), लगेच दुसरीकडे उलटा स्वीप. पातं नाकापासून शेपटीपर्यंत लांब कमानीत. मुलं नावेजवळ छोटे फटके मारतात, मग नाव वळण्याऐवजी पुढे जाते आणि गोल फाटतो. गाण्याचे ठोके मोजू नका, म्होरक्याचं पॅडल बघा. स्पीकरचा आवाज पाण्यावर उशिरा पोचतो, लांबची नाव मागे पडणारच.

पेठेतला
नौकानयनपटू दत्तू भोकनळ पण पुण्यातच तयार झाला ना? रिओ २०१६.

डावंवल्हं
हो, चांदवड तालुक्यातला, लष्करात होता. पण ते रोइंग, सिंगल स्कल्स (एकट्याने दोन वल्ह्यांनी), तोंड मागे. कयाकवाल्याचं तोंड पुढे. रिओत तेरावा आला, अभिमानच आहे.

मीनल_कोथरूड
जलपर्णीचं काय करतात? परवा पुलावरून नुसतं हिरवं दिसत होतं.

घाटपायरी
मधोमध कापत बसायचं नाही, तुटलेली रोपं वाहत जाऊन पुन्हा वाढतात. आडवा दोर टाकून गठ्ठा काठाला ओढायचा आणि पाण्यापासून लांब टाकायचा. घाटावर ठेवला तर पहिल्या पावसात परत नदीत. रडरच्या (सुकाणूच्या) नावा त्या दिवशी नकोतच, मुळ्या रडरला गुंडाळतात.

रेझिनवाला
आणि जूनआधी नावा उलट्या करून रॅकवर, टोकांवर नाही. दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर आधार, रुंद पट्टा. टोकावर ठेवल्या तर मधे बाक येतो आणि मग ती सरळ चालत नाही. सुनंदाताई, टाकीचा फोटो टाका, प्लास्टिकची आहे का सिमेंटची?