सहा वर्षांच्या मुलीचा 'खतना' थांबवायचाय. बाहेरच्या बाईनं काय करावं?

रंकाळ्याची शिवणवाली

नमस्कार. रंकाळ्याजवळ माझा शिवणक्लास आहे, बावीस वर्षं झाली. पुढच्या खोलीत मशिनी, मागच्या खोलीत फॉल-पिको आणि कटिंगचं टेबल. मागच्या खोलीत बायका जे बोलतात ते मी आजवर उंबऱ्याबाहेर नेलेलं नाही. आज नेतेय, पण तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

तिचं घर बोहरा आहे, मुसलमानांतला एक छोटा समाज. रिदाला, म्हणजे त्यांच्या बायकांच्या रंगीत बुरख्याला, लेस लावायला ती माझ्याकडं येते. मागल्या आठवड्यात लेकीला फ्रॉक शिवायचा म्हणून घेऊन आली. पोरगी सहा पूर्ण. मी टेप लावून उंची घेत होते, पोरगी हसत होती, आणि आई एकदम रडायला लागली. पोरीला पुढच्या खोलीत बटणांचा डबा देऊन बसवलं आणि दार लोटून घेतलं.

तिच्या सासूबाई मुंबईला असतात. मे महिन्यात सुट्टीला आणा, पोरीचं 'ते' उरकून टाकू, असा त्यांचा फोन आलाय. मला आधी वाटलं कान टोचायचे असतील. मग तिनं सांगितलं. खतना. सातव्या वर्षाच्या आसपास मुलीच्या लघवीच्या जागेवरची कातडी कापतात. तिचाही झाला होता. त्या दिवशी तिला नवा फ्रॉक शिवला होता आणि ती खुशीत आजीबरोबर गेली होती. म्हणून टेप बघून रडू आलं.

नवऱ्याशी ती यावर कधी बोललेलीच नाही. हा बायकांचा विषय, पुरुषांच्या कानावर घालायचा नाही, असं तिला लहानपणापासून सांगितलंय. सासूबाई म्हणतात, "इतकुशी तर कातडी, काही होत नाही, आमचं काय झालं?"

मी नऊ वर्षांची असताना आजोबा गेले. आजीच्या बांगड्या दगडावर फोडल्या तेव्हा काच मनगटात घुसली होती. फोडणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, आणि आजीवर जीव असलेल्याच होत्या. म्हणून त्या सासूला मी राक्षसीण म्हणणार नाही. पण पोरगी वाचली पाहिजे.

यानं खरंच काय इजा होते? कायदा आहे का? आणि मी, त्यांच्या समाजाची नसलेली बाई, नेमकं काय करू?

बावड्याचा पाटील

मुसलमानांच्यात असलं चालतंच. आपण मधे पडू नये.

रंकाळ्याची शिवणवाली

दादा, माझ्या क्लासला सदर बाजारच्या कितीतरी मुस्लिम बायका शिकून गेल्या. त्यांच्यातल्या तिघींना मी परवा विचारलं, त्यांनी हे कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. आणि 'मधे पडू नये' म्हणत माझ्या आजीच्या वेळी सगळी गल्ली उभी होती.

स्त्रीरोगतज्ज्ञ, राजारामपुरी

ताई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेनं या प्रथेचे चार प्रकार केले आहेत. आफ्रिकेच्या काही भागांत शिवून टाकण्यापर्यंत मजल जाते, तो सगळ्यात भयंकर प्रकार. आपल्याकडं जे होतं त्यात क्लिटोरिसवरची (योनीच्या वरच्या टोकाचा संवेदनशील अवयव) कातडी, कधी क्लिटोरिसचाही भाग कापला जातो. ही मोजदाद कागदावर ठीक आहे. सहा-सात वर्षांच्या मुलीचा तो अवयव किती लहान असतो, ती किती हलते, हे डोळ्यांसमोर आणा. 'फक्त कातडी' कापायची म्हणून हात थांबेल, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्या जागी मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीला जळजळ हे लगेचचं. पुढं संबंधांच्या वेळी वेदना किंवा संवेदनाच नसणं, आणि त्या दिवसाची भीती मनात कायम राहणं. आरोग्याला फायदा शून्य. हल्ली काही ठिकाणी दवाखान्यात भूल देऊन करतात. भूल दिली म्हणून गरज नसलेलं कापणं उपचार होत नाही.

जगात आज 23 कोटींहून जास्त मुली आणि बायका यातून गेलेल्या आहेत, असं युनिसेफनं 2024 मध्ये सांगितलं.

भारतात या प्रथेचं नाव घेऊन बंदी घालणारा वेगळा कायदा नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, 2018 मध्ये ती मोठ्या पीठाकडं सोपवली. पण लहान मुलीला अशी इजा करणं आजही गुन्हाच ठरू शकतं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदाही लागू शकतो. धोका अगदी दारात आला तर 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. तो त्या आईला पाठ करायला सांगा.

पुण्याची सहेली

मी बोहरा आहे. माझा झाला, माझ्या मुलीचा मी होऊ दिला नाही. तुमच्या त्या मैत्रिणीला हे वाचून दाखवा.

तिला वाटत असेल की आपण एकटीच. मलाही वाटायचं. आमच्या घरात पाच बहिणी, एकाच पलंगावर झोपून वाढलो, आणि पस्तिशीपर्यंत एकीनंही दुसरीला विचारलं नाही की तुझ्याबरोबर काय झालं होतं. 2015 च्या सुमारास आमच्याच बायकांनी आपलं नाव-चेहरा घेऊन हे बोलायला सुरुवात केली. त्याच सुमारास पाच जणींनी मिळून 'सहियो' ही संस्था काढली. आमच्या बोहरी गुजरातीत सहियो म्हणजे मैत्रिणी. त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली, 'थाल पे चर्चा'. आमच्यात मोठ्या थाळाभोवती बसून एकत्र जेवतात. तसंच बसायचं, जेवायचं आणि बोलायचं. अशा थाळावर मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. घास हातात तसाच राहिला होता.

नवऱ्याला सांगायचंच. मी आठ महिने लावले, तेवढा वेळ तिच्याकडं नाही. माझ्या नवऱ्याला खतना म्हणजे काय हेच धड माहीत नव्हतं. कळल्यावर तो दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी आईशी स्वतः बोलला. मुलानं सांगितलेलं सासूला जेवढं लागतं, तेवढं सुनेनं सांगितलेलं लागत नाही, आमच्यातही आणि तुमच्यातही.

सासूबाई धर्माचं काढतील. तेव्हा सांगायचं की सिडनी, लंडनसारख्या शहरांतल्या आमच्याच जमातींनी 2016 मध्ये आपल्या लोकांना पत्रं काढून कळवलं, देशाचा कायदा पाळा, हे करू नका. तिथल्या मुली बोहरा राहिल्याच ना?

आणि ताई, तुम्ही पोलिसात जाऊ का असं विचारलं नाहीत, पण मनात आलं असेल. पोरीला खरोखर नेऊन बसवायला निघाले तर नक्की जा. त्याआधी नको. आधी तिच्या घरातलं माणूस तिच्या बाजूला येऊ दे.

गडहिंग्लजकर

शिवणवाल्या ताई, माझं काम जट सोडवण्याचं. केसात गुंता झाला की ती यल्लम्माची जट, पोरगी देवीला सोडायची, हे आमच्या भागानं पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. शाहू महाराजांनी 1920 मध्येच जोगत्या-मुरळीच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. तरी राज्याला 2005 मध्ये पुन्हा देवदासी निर्मूलनाचा कायदा करावा लागला. कायदा पाहिजेच. पण जट काही कायद्यानं सुटत नाही, तिला कात्री लावणारं माणूस लागतं.

कात्री लावायच्या आधी आम्ही घरातली सगळी माणसं आणि शेजारच्या दोन-चार बायका समोर बसवतो. कारण एकट्या बाईनं गुपचूप जट काढली आणि महिन्यात घरात कुणाला साधा ताप आला, तरी कोप तिच्या माथी. चार घरं साक्षीला असली की ताप नुसता ताप राहतो. ज्या गल्लीत आधी एखादीची जट सुटलेली असते, तिथं दुसरी आपण होऊन येते. तिला पटवावं लागत नाही, तिनं पहिलीला धडधाकट बघितलेलं असतं.

हेच पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये झालं. मालिकुंडा बंबारा नावाच्या गावातल्या बायकांनी 31 जुलै 1997 ला जाहीर सांगितलं, आम्ही आमच्या पोरी कापणार नाही. त्या आधी शिकल्या होत्या, आरोग्य आणि हक्क, आपल्याच भाषेत. तोस्तान संस्थेचे वर्ग होते ते. पण केर सिंबारा गावचे इमाम, देंबा जवारा, म्हणाले की एका गावानं ठरवून भागत नाही. आपल्या पोरी ज्या गावांत द्यायच्या, जिथनं सुना आणायच्या, ती सगळी गावं बरोबर आली पाहिजेत. नाहीतर न कापलेल्या पोरीला स्थळ कोण देणार? मग ते स्वतः गावोगाव चालत गेले. सोयऱ्या-धायऱ्यांकडं जायचं, बसायचं, ऐकायचं आणि मग बोलायचं. पुढच्या वर्षी 13 गावांनी मिळून घोषणा केली. सरकारचा कायदा त्यानंतर, 1999 ला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोयरिकी आठवल्या, तीच गोष्ट हो.

आपल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तर तुम्हाला माहीतच आहे. 4 मे 2022 ला गावानं ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. तेरा दिवसांनी सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं, असं करा. ज्यांच्या बांगड्या फुटणार होत्या त्यांना आता गावाचा कागद दाखवता येतो.

तुमच्या मैत्रिणीला कागद नाही, गाव नाही. तिला निदान दोन घरं मिळवून द्या, तिच्याच समाजातली. पुढं उभं राहून तुम्ही बोलू नका. तुम्ही जागा द्या.

रंकाळ्याची शिवणवाली

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

पुण्याच्या सहेलीचं लिहिलेलं मी तिला मागच्या खोलीत दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, मोबाइल माझ्याकडं द्या. त्या रात्री नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तो काही बोलला नाही. सकाळी दुकानाला निघताना चप्पल घालत म्हणाला, "तुझाही झालेला?" ती हो म्हणाली. दुपारी त्यानं मुंबईला फोन केला. सासूबाई खूप रडल्या, खूप बोलल्या, मग आठ दिवस फोन बंद. परवा त्यांचाच फोन आला, पोरीला आंबे पाठवतेय म्हणून. 'ते' याबद्दल हो नाही आणि नाहीही नाही. मेमध्ये मुंबईला जायचं रद्द केलंय. पुढच्या सुट्टीचं मला अजून भ्या वाटतं.

गडहिंग्लजकर दादा, तुमचं ऐकून मी गप्प राहिले. फक्त बुधवारी दुपारचा क्लास बंद केला आणि मागची खोली मोकळी ठेवली. पहिल्या बुधवारी ती एकटी आली. काल तिच्याबरोबर तिची चुलत जाऊ होती, तिची लेक पाच वर्षांची. हातात पिशवी होती, फॉल लावायचाय म्हणाली. दोन तास बसल्या, मी चहा ठेवून बाहेर आले. जाताना पिशवी तशीच परत नेली, त्यात साडी नव्हतीच. पुढच्या बुधवारी येऊ का, असं जाऊबाईंनी स्वतः विचारलं.

पुण्याच्या सहेली, तुम्हाला एखाद्या बुधवारी कोल्हापूरला येणं जमेल का? थाळ आम्ही मांडतो.